पदनाम: व्हॉल्व्हमन

आडनाव आधी लिहायचं होतं.
कुठलं, ते फॉर्मने विचारलं नाही.
दहावीच्या मार्कशीटवर मी गांगुर्डे, रेशनकार्डावर पिंगळे,
आणि दोघी एकच आहेत हे सांगायला
सीबीएसजवळ झाडाखालच्या टायपिस्टने
स्टॅम्पपेपर सोडून वर दोनशे घेतले.
"कारण काय टाकू?"
लग्न, म्हटलं. त्याने टाइप केलं: विवाह.
तेवढ्यापुरतं ते जरा भारी वाटलं.

रहिवासाचा, जातीचा, चारित्र्याचा,
लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र,
फोटो दोन्ही कान दिसतील असा.
महिनाभर मी स्वतःला पिशवीत घालून हिंडले,
पंचवटीच्या विभागीय कार्यालयापासून मेन ऑफिसपर्यंत,
झेरॉक्सच्या उजेडाखाली
दरवेळी थोडी फिकट.

मुलाखतीला शरणपूर रोडच्या इमारतीत
जिन्यापर्यंत माणसं.
शेजारी सोनजे नावाचा मुलगा, सिव्हिल इंजिनिअर,
बुटांना पॉलिश, नखं कुरतडलेली.
"ताई, सफाईच्या जागांची रांग खाली आहे."
माहितीये, म्हटलं.
वडाळा गावचे मुश्ताकभाई,
वयात बसायचे त्यांचे शेवटचे चार महिने,
त्यांनी चिवड्याची पुडी फोडून सगळ्यांपुढे फिरवली.
घास कुणाच्या गळ्याखाली उतरत नव्हता
पण नाही कुणी म्हटलं नाही.

आत तिघे.
मधल्यांनी फाइलीतूनच विचारलं,
"व्हॉल्व्हमन. मॅन आहे त्यात."
जाहिरातीत महिलांच्या जागाही आहेत साहेब.
"रात्री तीनला बाहेर पडाल? चेंबरमध्ये उतराल?"

तीनला मी उठतेच.
पेठ रोडला आमची गल्ली लाइनीच्या शेवटाला.
टाकीची सावली दुपारी आमच्या ओट्यावर पडते,
पाणी मात्र सगळ्यांचं भरून झाल्यावर येतं.
अकरा वर्षं ऐकतेय साहेब.
आधी नळ हवा सोडतो,
मग खोकतो,
मग गढूळ तांब्याभर, तो तुळशीला.
तुमचा माणूस घाईत असला
की पाइप भिंतीत धाडकन वाजतो, पोरगी दचकते.
निवांत असला की नुसती शीळ,
एकेक वळणानं चढत जाणारी.

कडेच्या म्हाताऱ्या साहेबांचं पेन थांबलं.
"किती वळणं?"
दिसत नाही मला. पण कानाला चौदा.
"सोळा आहेत," ते म्हणाले,
"शेवटची दोन जाम आहेत. दोन वर्षं झाली."
मग कुणीच काही बोललं नाही.
पंखा होता, तो बोलत राहिला.
"या तुम्ही."

यादी काचेआड लागली.
प्रतीक्षा यादी, क्रमांक दोन: पिंगाळे.
कुणाचा तरी काना माझ्यावर सांडला होता.
सोनजे पहिल्या पानावर.
मुश्ताकभाईंचं नाव मी दोनदा शोधलं,
त्यांच्यासाठी, आणि थोडं
आपल्या खाली कुणी आहे का ते बघायलाही.

येताना गंगेवर उतरले.
दुतोंड्या मारुतीची पावलं कोरडी.
पूर किती आला ते गाव त्याच्या अंगावर वाचतं,
गुडघा, कंबर, छाती.
नाही आलेलं पाणी कशावर वाचायचं,
तशी मूर्ती कुणी घडवलेली नाही.

काल तीनला नळ खोकला.
हंडा लावून मी सवयीनं मोजत बसले.
बारा. तेरा. चौदा.
थांबला.
मी उठणार, तेवढ्यात
लांबून, लोखंडाच्या पोटातून एक कुरकुर,
आणि पंधरावं.
कुणीतरी तिकडे चेंबरमध्ये
चांगले बूट चिखलात रोवून
सगळ्या अंगाचा जोर लावत होतं.

सोळावं झालं का, कळलं नाही,
पोरीनं तेव्हाच कूस बदलली.
हंडा भरून वाहत होता.
मी दुसरा सरकवला.