किती लांब होतं

लेंगऱ्यात रेंज येते-जाते,
म्हणून हौसाक्का आणि मी पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर बसून
तिकीट काढतोय.
नाव? हौसाबाई हिंदुराव.
वय? आधारवर असंल ते घाल, आई गेली, आता कुणाला विचारू.
बर्थ? खालचा.
जाणार कुठं?
इथं ती थांबते. एकतीस वर्षं पाकिटांवर वाचलेलं गाव
तोंडानं म्हणायला ओठ ओले करते:
तिनसुकिया.

मिरजेवरनं पुणं, पुण्यावरनं हावडा,
तिथं एक रात्र, मग पुन्हा दोन दिवस.
मी नकाशा मोठा करतो.
ती म्हणते, बारीक कर, एका नजरंत मावू दे.
मग अंगठ्यानं मोजते.
अंगठा सरतो, देश सरत नाही.

तसा आमच्या गावाचा नकाशा निराळा.
भुसावळात धाकट्या जावेचा भाऊ,
बिलासपुरात रंगाचा साडू, डबा घेऊन फलाटावर येतो म्हणालाय,
रात्रीचे अडीच वाजले तरी.
खडगपुरातलं दुकान बसलं, फोन लागत नाही.
जिथं सराफकट्टा, तिथं घाटमाथ्यावरचं कुणीतरी
मुशीपुढं बसलेलं,
सोनाराच्या दुकानातली झाडलोट विकत घेऊन
तिच्यात कण धुंडाळत.

अक्का अंतर भाकरीत मोजते.
पुण्यापातूर भाकरी. नागपूर दशमीवर निघंल.
हावड्याच्या पुढं भडंग.
आणि भडंग संपल्यावर?
संपल्यावर ते उतरवून घ्यायला आलेले असतील.

मी म्हटलं, विमानानं जा, सकाळी बसलीस की सांजच्याला तिथं.
मग कळणार कसं?
काय?
किती लांब होतं ते.

काका दिवाळीला कायमचा येतोय.
तेजाबाच्या धुरानं छाती धरलीय, डॉक्टर म्हणाला बास आता.
येतोच आहे की तो, मी म्हणतो.
येतील. खरं मला ती खोली बघायचीय.
एकच खिडकी हाय म्हणं.
कुठल्या अंगाला, ते विचारायचंच राहिलं.

पिशवीची यादी मी फोनात लिहितो:
बीपीच्या गोळ्या, कानटोपी, काकाचा नवा सदरा,
मीठ-मिरची वेगळी बांधून, कुलूप-साखळी.
केरसुणी लिही, ती म्हणते.
चार दिवसांच्या गाडीत केरसुणी?
खोली सोडताना झाडून द्याय नको?
आणि केर?
त्यो आणीन की पुडीत बांधून. बघू, कण असला तर असला.
ती हसते. मला हसावं की काय ते कळत नाही.

वेटिंग सदतीस.
हुईल का रं?
हुईल.
पैसे भरायच्या पानावर गोल चाक फिरत राहतं,
फिरता फिरता थांबतं.
अक्का गुडघ्यावर हात रेटून उठते,
आणखी वरच्या पायरीवर जाऊन बसते,
फोन उंच धर म्हणते.