मापांची वही

प्लासिदा आत्याच्या वहीत नावं नाहीत.
छाती, कंबर, खांद्याचा उतार,
पेन्सिलीनं तारीख,
कधी नुसता वार.

ला पासच्या चढावर, घड्याळजीच्या दुकानामागे
आमची खोली. वर पत्रा.
गारा पडल्या की शिवणयंत्र ऐकू यायचं नाही.
राष्ट्राध्यक्षांचा पट्टा तिथे यायचा
बिस्किटांच्या डब्यातून,
लाल, पिवळा, हिरवा,
आणि आदल्या माणसाच्या घामाचा वास.
बरोबर दोन शिपाई. नेहमी घाई.
कालच्याचं उसवा, उद्याच्याचं शिवा.

पहिलं पान : चव्वेचाळीस. कर्नल.
स्टुलावर उभा राहिला घोड्यावर बसल्यासारखा.
सतरा दिवस टिकला.
"टाके कच्चेच घातले होते मी," आत्या म्हणायची,
"हाताला कळतं."

मग साडेपस्तीस. वकील, खोकणारा.
राज्यघटना काखेत धरून आला, खाली ठेवेना.
वहीत तसंच लिहिलंय :
डावी बाजू अंदाजे.

मग तो, ज्याला पट्टा चार बोटं रुंद हवा होता.
संसद त्याच आठवड्यात बरखास्त झाली.
आत्यानं कापड जोडलं.
त्याला लोकांनी हाकललं, त्याचा पुतळा तळ्यात बुडवला,
पण त्याच्यामागून आलेल्या एकानंही
पट्टा पुन्हा अरुंद करायला सांगितलं नाही.

एक बाई होती. हंगामी, नव्वद दिवसांची.
स्टुलावर चढताना तिनं चपला काढल्या.
तेवढंच आठवतं.

या पानावर तारीख नाही. मंगळवार.
संचारबंदी होती.
खाणकामगार दुपारी पुलापर्यंत आले होते,
माझा बाप फाउस्तो त्यांच्यात,
आणि रात्री जनरल आमच्या स्टुलावर.
आत्याच्या ओठांत सात टाचण्या.
मी नऊ वर्षांची, कोपऱ्यात, मोजत होते.
सहा पट्ट्याला लागल्या.
सातवी तिनं बराच वेळ चिमटीत धरली,
जनरलच्या बरगडीपाशी,
आणि मग उशीत खोचली.

बाप आठवड्यानं आला, डावा कान कायमचा गेलेला.
त्यानं एवढंच विचारलं, "टोचलीस?"
"मापात पाप नको," ती म्हणाली.
चार महिने तो तिच्याशी बोलला नाही.
निदान ऐकलं तरी नाही,
जेवताना तिच्याकडे बहिरा कान करून बसायचा.

मला तिनं शिवण शिकवली, त्यातलं हे एक :
फीत छातीला लागली की सगळे श्वास भरून घेतात.
छाती देशाएवढी होते.
तो आकडा लिहायचा नाही.
बोलायचंही नाही. थांबायचं.
माणूस कधीतरी श्वास सोडतोच,
तेव्हा उरतं ते लिहायचं.

आत्या गेली. सरकारकडे बिलं थकलीत,
एकवीस पट्ट्यांची, तीन चलनांतली,
त्यातली दोन चलनं आता चालत नाहीत.

काल रात्रभर चौकात कर्णे वाजत होते.
कुणीतरी जिंकलंय.
आज डबा आला.
कापड खिडकीशी धरलं तर सुईची जुनी भोकं,
इतकी, की पलीकडचा बर्फाचा डोंगर
ठिपक्याठिपक्यांनी दिसतो.
धुतलं तरी ती भोकं मिटत नाहीत.

नवे साहेब तरुण आहेत. गोड बोलतात.
बापाच्या कानाची चौकशी केली,
कोकाच्या पानांचा चहा हवा म्हणाले.
बूट न काढता स्टुलावर चढले.

श्वास भरलाय.
मी फीत धरून उभी आहे.
चहा निवतोय,
पत्र्यावर पहिली गार पडली,
साहेबांनी अजून सोडलेला नाही.