तिसरीच्या यादीतली मगर

बैठक दांडिया बाजारातल्या शाळेत, वरच्या मजल्यावर.
पंखा तिथे तीनवरच फिरतो, बाकीचे आकडे त्याला येत नाहीत.
टेबलावर आमची यादी, पहिली ते आठवी,
सत्तेचाळीस पानं, दोऱ्यानं ओवलेली,
आणि पारेखसाहेबांच्या हातात लाल पेन्सिल.

"आ बधुं आ छोकरांओने शुं काम, कुमुदबेन?"
माणूस वाईट नाही. दर दिवाळीला
स्वतःच्या पैशानं आमच्या मुलांना चपला वाटतो.
म्हणाले, सही यावी, लाइटबिल वाचता यावं,
बसची पाटी कळावी.
बाकीचं अलकापुरीतल्या शाळांना राहू द्या.

पेन्सिल फिरत फिरत तिसरीवर आली,
विज्ञान, ओळ सहा: मगर.
"ही तर यांच्या दारातच असते.
पुस्तकात कशाला?"

खरंय. दारातच असते.
विश्वामित्री चढली त्या साली
इलियासच्या गल्लीत, भुईमुगाच्या हातगाडीखाली
दोन दिवस पडून होती.
वनखात्यानं तोंडाला दोरी बांधून
गादी उचलावी तशी उचलून नेली.
सोमवारी इलियास टेबलाशी आला,
बाई, ती तोंड उघडं टाकून का बसते?
भूक लागते म्हणून?
नोकरीला नऊ वर्षं झाली होती.
मला माहीत नव्हतं.
मी म्हटलं, गृहपाठ दाखव.

ओळ सहा ही त्या सोमवारची भरपाई आहे,
हे बैठकीत कसं सांगणार?

सांगितलं ते एवढंच:
तोंडावाटे ती अंगातला ताप सोडते.
तिचं ऊन तिचं नसतं, सूर्याकडून उसनं घेतलेलं असतं.
म्हणून दुसरीत सावली आणि थर्मामीटर.
म्हणून चौथीत तिचे ते दांडगे आप्त,
ज्यांची अंडी रैयोलीला दगड होऊन बसलीत,
एसटीनं एका दिवसात जाऊन येता येईल इतकी जवळ.
दगड कळायला गाळाचे थर लागतात,
थरांचं वय कळायला साडेसहा कोटी लागतात,
आणि कोटीची शून्यं लागतात त्याच्या आधी.

नवे आलेले भार्गवभाई म्हणाले, आता सगळं फोनमध्ये असतं.
असतं ना. पण शोधायलाही शब्द लागतो.
इलियासनं काय लिहायचं होतं त्या चौकोनात?

मग मला जिना आठवला.
साहेब, तुम्ही आत्ता चढून आलात,
नववी पायरी गेलेली आहे. तुमचा पाय लांब,
तुमच्या ध्यानातही आलं नसेल.
पहिलीची पोरं तिथे हातांवर चढतात.
ज्याला घरचं कुणी उचलून घेतं
त्याला पायरी नसली तरी चालतं.
आमच्याकडे उचलणारं माणूस
त्या वेळी खंडेराव मार्केटात मेथी निवडत असतं.

आणि दारातलंच शिकवायचं, असंही नाही.
किंजलला बर्फ हवा.
हिमनदी, देवमासा, कुठल्या कुठल्या बंदरातली जहाजं,
जे तिच्या दाराशी कधीच येणार नाही
ते तर आधी हवं.

मीही खोडलंय, खोटं कशाला बोलू.
पान एकतीसवरच्या राजांच्या तारखा,
आम्हाला घोकायला लावलेल्या, सगळ्या.
रात्री त्यातल्या चार परत लिहिल्या.
कुठल्या, हे अजून नक्की नाही.

चहा आला. पारेखसाहेबांनी ओळ सहा खोडली नाही,
पुढे एक प्रश्नचिन्ह काढलं
आणि बशीत चहा ओतला.
शनिवारी पुन्हा बैठक. गणित राहिलंय.

इलियास आता मकरपुऱ्यात रेडिएटर दुरुस्त करतो.
तापलेलं इंजिन हातानं ओळखतो म्हणे,
झाकण कधी उघडायचं, कधी नाही.
रविवारी जाऊन त्याला सांगणार आहे,
मगर तोंड का उघडते ते.
एकोणीस वर्षं उशिरा.
वही घेऊन जाईन. या वेळी
गृहपाठ माझा आहे.