अंगठ्यांचं माप

बेद्दुच्या भंगारात सापडला,
नांगराच्या साखळीखाली,
जेमतेम वीतभर, गंजून सुकट झालेला.
"बादिक आहे," तो म्हणाला,
आणि मी हात लावताच भाव दुप्पट केला.

मी पारेपारेच्या धक्क्यावर बोटींची इंजिनं दुरुस्त करतो.
गंज मला कुणी शिकवायला नको.
पण हा गंज निराळा:
खरवडावा तर लोखंडही हात धरून निघेल,
अशी त्यांची जुनी सोयरीक.

पहिली रात्र नारळाच्या पाण्यात.
दुसरी कोंड्यात.
मग लिंबं, मग आणखी लिंबं.
चौथ्या दिवशी तुंगकेने ताट आदळलं:
"मासा असाच खा. तुझा सुरा लिंबं प्यायला."
त्या आठवड्यात तिच्या मागावर
फणीचा ठोका जरा जोरातच पडत होता.

मूठ काही केल्या निघेना.
चुलीच्या धगीवर धरली, राळ पाघळली,
आणि आत, पात्याच्या शेपटीला गुंडाळलेली
एक चिंधी. रेशमी, चौकड्यांची,
एके काळी बहुतेक जांभळी.
ती मी धुतली नाही.

धारेशी लालसर डाग होता. हुंगून पाहिलं:
सुपारी.
धक्क्यावर जो तो विचारायचा,
"किती माणसं खाल्ली याने?"
मी म्हणायचो, "मोजतोय."

एका सकाळी पात्यात रेघा दिसल्या,
थांबलेल्या पाण्यावर वारा निसटता जावा तशा.
पात्याला पाणी असतं म्हणतात.
मला वाटायचं, बोलायची रीत.

पुआंग सालेंग आले.
डोळ्यांत मोतीबिंदू, अंगठे मात्र शाबूत.
मुठीपासून टोकाकडे अंगठ्यापुढे अंगठा ठेवत गेले,
ओठांतल्या ओठांत:
घर, वाट, मरण,
घर, वाट...
सहावा अंगठा टोकाबाहेर लोंबला.
"मरण. समुद्रात टाक."
ते गेल्यावर मी मोजलं.
माझंही मरणच.

रात्री भांडी उरकून, ओल्या हातांनीच
तुंगकेने तो उचलला, न विचारता.
तिचे अंगठे अरुंद, सुताने चिरलेले.
घर, वाट, मरण. घर, वाट, मरण.
घर.
तिथे टोक संपलं. नखाएवढंही उरलं नाही.

आम्ही दोघं पात्याकडे बघत राहिलो.
दिव्याभोवती एक किडा उगाच आपटत होता.
मग ती म्हणाली,
"सुपारी आहे का घरात?"

नवी राळ ओतली, चिंधी होती तशीच गुंडाळली.
ती मूठ माझ्या हातात मावतच नाही,
तीन बोटं धरतात, करंगळी बाहेर राहते.
सुरा आता मागापाशी असतो,
सुतांच्या गुंड्यांत.

पुआंग सालेंगना सांगितलंय,
समुद्रात टाकला.
ते म्हणाले, "खोल होतं ना?"
म्हटलं, "बरंच."