गंधार वगळून

शरणपूरला, चर्चच्या मागच्या गल्लीत,
पाटोळे सरांच्या पत्र्याच्या खोलीत
माझ्या डावीकडे सहावीतली दोन पोरं
आणि उजवीकडे भिंतीवर पाल.
मी त्रेपन्न वर्षांचा. गिटार मुलाची,
तो चाकणला गेला तेव्हा कपाटावर राहिलेली.
एक तार गंजली होती, सरांनी बदलून दिली
आणि पैशाचं बघू म्हणाले.

डी धरा.
धरला. तीन बोटांची ती दाटी,
दोघांच्या सीटवर तिघं बसतात तशी.
आता करंगळी पहिल्या तारेवर, तिसऱ्या फ्रेटला.
आता उचला.
आता मधलं बोटही उचला, तार मोकळी सोडा.
आधीचा सस फोर. हा सस टू.

सस म्हणजे?
सस्पेंडेड, डावीकडची पोरगी म्हणाली
आणि माझ्याकडे कुणीच पाहिलं नाही,
कारण कुणाला माहीत नव्हतं.

सर पेटीकडे वळले,
रविवारी उपासनेत वाजवतात ती.
सा, ग, प : बघा, घरी पोचलात.
ग कोमल केला : पोचलात, पण घरात कुणी नाही.
आता गंधार काढूनच टाकू,
त्याच्या जागी मध्यम बसवू, नाहीतर रिषभ.
काय वाटतं?
मी म्हणालो, गाडी स्टँडच्या फाटकात उभी आहे
आणि आत घेईनात.
सर हसले. मग हसायचे थांबले.

ढकांबेच्या अलीकडे पथकाने गाडी अडवली
तेव्हा मशीनमध्ये सत्तेचाळीस तिकिटं होती
आणि गाडीत पन्नास माणसं.
पैसे घेतले होते का?
घेतले होते.
तिकीट द्यायचं राहिलं.
राहिलं की ठेवलं, हे मला तेव्हा माहीत होतं बहुतेक.
आता छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.
इतक्या वेळा, इतक्या टेबलांसमोर सांगून
त्यातला मधला सूरच झिजून गेला.
सगळ्यांनी विचारलं. साडूनेसुद्धा.
सिंधूने अजून विचारलेलं नाही.

बासष्ट दिवस.
अर्ध्या पगाराला निर्वाह भत्ता म्हणतात.
रोज सकाळी डेपोत सही, साध्या कपड्यांत.
मग मेळा स्टँडच्या बाकावर बसतो प्रवाशासारखा
आणि मांडीवर, पँटच्या कापडावर,
करंगळी ठेवतो, उचलतो, ठेवतो.
कळवण गाडी सुटते.
घंटीची दोरी दुसराच कुणी ओढतो,
दोनदा, जरा घाईने.

सर म्हणतात, सस वर थांबायला शिका,
लगेच सोडवू नका,
ऐकणाऱ्याला जरा ताटकळू द्या.
ताटकळणं मला कोण शिकवणार!
शिकवावं लागतं ते करंगळीला.
तीस वर्षांत तिला काम असं नव्हतंच :
पंचाला अंगठा, नोटांना तर्जनी,
ही आपली कडेला,
लग्नातल्या लांबच्या पाहुण्यासारखी.
आता मांडवाचा खांब धर म्हटलं
तर थरथरते बिचारी.

परवा पत्र आलं.
चौकशीची तारीख पुढे, संबंधित अधिकारी रजेवर.
सिंधूने वाचलं, घडी घातली,
फ्रिजवर लोणच्याच्या बरणीखाली ठेवलं
आणि भांडी घासायला बसली.
मी गिटार घेतली. सिडकोतल्या दोन खोल्या,
हळू वाजवलं तरी शेजाऱ्यांना कळतं.
सस फोर. थांबलो.
पुन्हा सस फोर. पुन्हा थांबलो.

तेव्हा मोरीतून आवाज आला.
शब्द नव्हते, हात कामात असताना
घशातून आपोआप निघतो तसा,
एकच सूर, माझ्यापेक्षा जरासा उतरलेला.
माझा मध्यम अजून तारेवर होता,
तिचा गंधार त्याला घासला
फुगलेल्या दाराची कडी बसता बसता अडते तसा.
करंगळी उचलायला हवी होती.
मी ती तिथेच दाबून धरली,
तार कातडीत रुतेपर्यंत.

तू गातेस? मी विचारलं.
कोण, मी? म्हणाली
आणि नळ सोडला.