दोन मागांची साडी

वडगावात, विरुपाक्ष बुचडींच्या माडीवर
खिडकीसमोर टांगलेली हिरवी साडी,
खाली आठ माग एका दमात खडखडणारे.
ट्रायपॉडच्या पायांखाली मी गोणपाट घातलं
तरी जमीन थरथरतच होती.
लाईट जायची वाट बघत बसले.
गेली. तेवढ्यात सहा फोटो.

त्यांच्या पोरानं आधी मोबाइलवर काढले होते.
मुगाच्या डाळीएवढा सेन्सर, त्याला उजेड पुरेना,
मग आतल्या हिशेबानं
फोटोतले दाणे पुसता पुसता धागेही पुसले.
"साडी आहे का मेणकापड?"
म्हणून मला बोलावणं.

माझा सेन्सर टपालाच्या तिकिटाएवढा,
हप्ते अजून सात बाकी.
मोठं करून बघितलं तर
सपाट हिरव्यावर लाटा,
जांभळ्या, केशरी, साबणाच्या फुग्यावर फिरतात तशा.
असं कुणी विणलंच नव्हतं.

मी सांगू लागले, काचेमागे जाळी असते,
उभी आडवी, चार कोटी घरांची,
तुमची वीण आणि माझी जाळी
जवळपास एकाच मापाची पडली की
त्यांनी हात वर केला.
"यरड मग्ग, वंद सीरी."
दोन माग, साडी एक. फणी जुळंना तुमची.

मग चष्मा पुसत:
घरं कुठल्या कुठल्या रंगाची?
चारात दोन हिरवी, एक तांबडं, एक निळं.
आणि एका घराला तिन्ही रंग दिसतात?
नाही. आपला एकच.
बाकीचे दोन शेजारपाजारी विचारून
अंदाजानं भरायचे.
ते इतके हसले की ठसका लागला.
"ह्या गल्लीत वाढलीस,
आणि हे तुला मशीननं शिकवलं?"

कॅमेरा बोटभर तिरका केला,
दोन पावलं मागं सरले,
छिद्र सोळावर नेलं, म्हणजे
उजेडच कडेला घासून जरा मऊ होतो.
लाटा गेल्या. पदराच्या कोपऱ्यात एक राहिली.
ती पुसली असती तर
तिथला हिरवाही गेला असता. ठेवली.

आता रंग. त्यांनी खालून सुताचा कोन आणला,
लॅपटॉपला टेकवून धरला.
"निळ्याकडं झुकलंय. पिवळं घाल."
घातलं.
"अजून."
खिडकीतलं ऊन कोनावरून सरकलं,
त्यांनी कोन पुन्हा उन्हात धरला.
"अजून थोडं."
"साक."

आणि लाईट आली.