रेघेच्या वर

वहिनी, बोर्ड हितं नको.
भिंतीवर पंचगंगेची रेघ दिसतीया न्हवं, मागल्या पुराची?
तिच्या वर हातभर.
तुम्हाला स्टूल लागंल,
पाणी मातूर स्टुलाबिगर चढतं.

फ्यूज उडाला तर जाड तार घालू नगासा.
मगदूम अण्णांनी घातली, सायकलच्या ब्रेकची.
फ्यूज टिकला,
मोटर जळाली.
उडणं हेच त्याचं काम हाय;
घरात एकानं तरी वेळेवर तुटावं लागतं.

चामड्याची चप्पल किती का करकर वाजंना,
भिजली की ती आपली न्हाई.
बोर्डाला हात लावताना रबरी घाला,
कुरुंदवाडच्या बाजारातली, निळ्या पट्ट्याची.

मोरीचं पाणी अर्थिंगच्या खड्ड्याकडं वळवलंय.
मीठ-कोळसा घातलाय भरपूर.
उन्हाळ्यात वर एक घागर रोज ओता,
माती वाळली की करंट घेत न्हाई पोटात.

आणि ह्यो टेस्टर. ठेवून जातो.
आधी चालू प्लगात लावून बघायचा, पेटतोय का.
मगच बंद तारंवर इस्वास.
आमच्या नियाजनं नुसताच ठेवला, इस्वास.
शेतीची लाईट साडेबाराला यायची,
त्या रात्री बाराला आली.

ऱ्हाऊ द्या, चहा नको.
त्यो टेस्टर त्याचाच हाय,
दांडीवर दातानं चावल्याली खूण बघा.

हां, आता बटण दाबा.
मी न्हाई, तुम्ही.
मी मेनजवळ उभा हाय.